आयत म्हणजे खूण : कुरआनच्या चिन्हमीमांसेवरील एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

मुंबईच्या फोर्टातील एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चालणाऱ्या अभ्यासकेंद्राने यंदाच्या पावसाळ्यात कुरआनच्या चिन्हमीमांसक, म्हणजे खुणा आणि त्यांचे अर्थ यांच्या शास्त्राच्या अंगाने केलेल्या, वाचनावर १२ शनिवारांचा वर्ग घेतला. वेळ दुपारी चार ते सहा, शुल्क ४,५०० रुपये, माध्यम मराठी आणि गरजेपुरती उर्दू. मी सर्व १२ शनिवार उपस्थित होते. पुढच्या तुकडीची नोंदणी लवकरच सुरू होणार आहे आणि ओळखीतील अनेक जण जावे की नाही असे विचारत आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. पुढे काही तक्रारीही येतील, त्यामुळे केंद्राचे आणि शिकवणाऱ्या सरांचे नाव देत नाही.

मी कोणत्या जागेवरून लिहिते आहे, हे आधी सांगणे योग्य होईल. आमचे घराणे मूळचे रत्नागिरीचे, घरची भाषा मराठी, आणि मी वाढले मजगावात. सातव्या वर्षी गल्लीतील आपांकडे, म्हणजे कुरआन शिकवणाऱ्या बाईंकडे, ‘कायदा’ हे अरबी अक्षरओळखीचे पुस्तक हातात घेतले, आणि दहावे वर्ष सरायच्या आत कुरआन पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचून झाला. अक्षर ओळखता येत होते, उच्चार आपांनी घासून घेतले होते, कुठे श्वास सोडायचा आणि कुठे सोडायचा नाही हेही पाठ होते. अर्थ मात्र एका ओळीचाही कळत नव्हता. अर्थ नंतर भेटला तो अनुवादांतून, आणि त्या अर्थाचा कानात बसलेल्या आवाजाशी सांधा कधीच नीट जुळला नाही. हा सांधा जुळवण्यासाठी काही मिळेल, या एकाच अपेक्षेने मी नाव नोंदवले होते. ती अपेक्षा पुष्कळ अंशी पूर्ण झाली, जरी ज्या दिशेने होईल असे वाटले होते त्या दिशेने नव्हे.

या विषयावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की चिन्हमीमांसा हे युरोपातून आलेले, कविता-कादंबऱ्या आणि जाहिराती वाचण्यासाठी घडवलेले साधन असून ते ईश्वरी वचनाला लावणे अनुचित आहे. सरांनी पहिल्याच दिवशी या आक्षेपाला बगल न देता त्याला समोर बसवले आणि फळ्यावर एकच शब्द लिहिला : आया. उर्दूतून आपल्याकडे आलेला ‘आयत’ हा शब्द आपण कुरआनमधील एका वचनासाठी वापरतो. परंतु अरबीत त्याचा अर्थ खूण किंवा निशाणी असा आहे, आणि कुरआनमध्ये तो वचनापेक्षा कितीतरी अधिक गोष्टींसाठी येतो. रात्र आणि दिवस यांचे एकामागून एक येणे, समुद्रात चालणारी जहाजे, मेलेल्या जमिनीला जिवंत करणारा पाऊस, वाऱ्यांचे वळणे, या साऱ्यांना दुसऱ्या सूरेच्या (अध्यायाच्या) १६४व्या वचनात आयाती म्हटले आहे. ३०व्या सूरेच्या २२व्या वचनात माणसांच्या भाषांचे आणि वर्णांचे वेगळेपण हीसुद्धा निशाणी आहे. आमच्या वर्गात कोकणी, दखनी, गुजराती आणि पुणेरी मराठी बोलणारे एकाच बाकावर बसलेले असताना हे वचन वाचले गेले, तेव्हा त्यावर वेगळे भाष्य करण्याची गरज कोणालाही वाटली नाही. ग्रंथ स्वतःच्या वाक्यांना आणि सृष्टीतील वस्तूंना एकाच नावाने हाक मारतो, म्हणजे वाचणे आणि पाहणे ही त्याच्या लेखी एकाच जातीची कामे आहेत. खुणांचा विचार बाहेरून आणून चिकटवण्याचा प्रश्नच त्यामुळे उरत नाही, हे मला त्या पहिल्या दोन तासांत पटले आणि आजही पटलेले आहे.

त्यानंतरचे दोन शनिवार मात्र वाया गेले असे मी स्पष्टपणे म्हणेन. फर्दिनां द सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि त्यांतून चिन्हक व चिन्हित, म्हणजे शब्दाचे ध्वनिरूप आणि त्याने मनात उभी राहणारी संकल्पना, हा भेद पुढच्या सर्व चर्चेला मिळाला. इतके सांगायला अर्धा तास पुरे होता. येथे चार तास आकृत्या निघत राहिल्या, आणि त्या काळात कुरआनचे एकही वचन उघडले गेले नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स याने केलेली चिन्हांची त्रिविध वाटणी मात्र पुढे खरोखर उपयोगी पडली : साम्यामुळे अर्थ देणारे चिन्ह, उदाहरणार्थ चित्र, प्रत्यक्ष संबंधामुळे अर्थ देणारे, उदाहरणार्थ धूर किंवा पायाचा ठसा, आणि केवळ संकेताने अर्थ देणारे, उदाहरणार्थ बहुतेक सर्व शब्द. ४८व्या सूरेच्या शेवटच्या वचनात श्रद्धावंतांच्या चेहऱ्यांवरील सजद्याच्या, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवण्याच्या, खुणेचा उल्लेख येतो आणि तेथे खुणेसाठी ‘सीमा’ हा अरबी शब्द आहे. आजच्या अरबीत चिन्हमीमांसेला ‘सीमियाइया’ म्हणतात. असे दुवे समोर असताना आकृत्यांवर इतका वेळ का घालवला, हे मला समजले नाही.

येथे एक सूचना करावीशी वाटते. मराठीत संस्कृत काव्यशास्त्र थोडेफार वाचलेल्या माणसाला अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तीन शब्दशक्ती परिचयाच्या असतात. ‘गंगेवर गवळीवाडा आहे’ असे म्हटले की प्रवाहावर वाडा उभा राहणार नाही म्हणून आपण ‘तीरावर’ असा अर्थ घेतो, आणि तो घेतानाच शीतलता व पावित्र्य सूचित झालेले असते. नवव्या शतकातील काव्यशास्त्रज्ञ आनंदवर्धनापासून हा विचार इतका सूक्ष्म होत गेलेला आहे, की मराठी श्रोत्यांसमोर तेथूनच सुरुवात केली असती तर दोन शनिवार वाचले असते. मी हे बोलून दाखवले तेव्हा सरांनी मोकळेपणाने मान्य केले आणि पुढच्या वेळी बदल करू म्हणाले. ते होते का, ते पुढच्या तुकडीने पाहावे.

चौथ्या शनिवारापासून वर्गाचा रंग पालटला. त्या दिवशीचा विषय होता जपानी विद्वान तोशिहिको इझुत्सु यांची पद्धत. इझुत्सु यांनी कुरआनचा अरबीतून थेट जपानीत अनुवाद केला आणि १९५० व ६० च्या दशकांत कुरआनमधील नैतिक शब्दांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की शब्दाचा अर्थ कोशात एकटा शोधू नये; तो कोणत्या शब्दांच्या शेजारी उभा आहे आणि कोणाच्या विरोधात उभा आहे, हे ग्रंथातच तपासावे. उदाहरण म्हणून सरांनी जो शब्द घेतला, तो आपल्या शहरात कोणीही थंडपणे उच्चारत नाही : काफिर. क-फ-र या धातूचा मूळ अर्थ झाकणे. ५७व्या सूरेच्या २०व्या वचनात पावसानंतर तरारलेले पीक पाहून ‘कुफ्फार’ खूश होतात असे आले आहे, आणि तेथे अनेक भाष्यकार या शब्दाचा अर्थ शेतकरी असा घेतात, कारण शेतकरी बी मातीखाली झाकतो. २६व्या सूरेत फिरऔन, म्हणजे इजिप्तचा राजा, मूसा (मोझेस) अलैहिस्सलाम यांना आपल्या घरी वाढवल्याची आठवण देतो आणि त्यांनाच ‘काफिरांपैकी’ म्हणतो. तेथे अर्थ उघडच कृतघ्न असा आहे. १४व्या सूरेच्या सातव्या वचनात शुक्र आणि कुफ्र, कृतज्ञता आणि कृतघ्नता, समोरासमोर ठेवलेली आहेत. मिळालेला उपकार झाकून टाकणारा तो काफिर, आणि या अर्थावरच पुढे ईमानच्या विरुद्ध असलेला अश्रद्धेचा अर्थ उभा राहतो, असा इझुत्सु यांचा मार्ग आहे.

या विवेचनाने शब्दाला चिकटलेला शतकांचा वाद एका दुपारी धुऊन निघतो असे मी म्हणणार नाही, आणि सरांनीही तसा दावा केला नाही. परंतु माझ्या शेजारी बसलेल्या, शिवडीच्या एका निवृत्त शिक्षिका त्या दिवशी म्हणाल्या, “हा शब्द मी आयुष्यभर फक्त शिवी म्हणून ऐकला होता, त्यात बी पेरणारा शेतकरी असेल असे कधी वाटले नव्हते.” त्या क्षणासाठी मी केंद्राला मनापासून धन्यवाद देते.

वर्गाचा सर्वोत्तम भाग म्हणजे सहावा आणि सातवा शनिवार. या दोन दिवसांत फक्त १२वी सूरा, म्हणजे यूसुफ अलैहिस्सलाम यांची कथा, वाचली गेली, आणि तीही एका सदऱ्याच्या मागोमाग. ही कथा मी लहानपणापासून ऐकली आहे; तिच्यात सदरा तीनदा येतो हे मात्र माझ्या कधी लक्षात आले नव्हते. पहिल्यांदा भाऊ तो खोट्या रक्ताने माखून बापाकडे आणतात आणि लांडग्याने यूसुफला खाल्ले असे सांगतात. रक्त ही प्रत्यक्ष संबंधाने बोलणारी खूण, आणि येथे तीच बनावट आहे. भाष्यपरंपरेत असे सांगितले जाते की वडील याकूब अलैहिस्सलाम यांनी सदरा उलटसुलट पाहिला आणि तो कोठेही फाटलेला नाही हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे खोटी खूण उघडी पडली ती तेथे असायला हवी होती अशा दुसऱ्या खुणेच्या अभावामुळे. दुसऱ्यांदा मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, अझीझ या अधिकाऱ्याची पत्नी तो मागून ओढते आणि फाडते. तिच्याच घरचा एक साक्षीदार निवाडा सुचवतो : सदरा पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर तो खरा. पहिल्या प्रसंगात न फाटणे बोलले, येथे फाटणे बोलते. तिसऱ्यांदा यूसुफ भावांना सांगतात की हा सदरा न्या आणि माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर टाका, त्यांना दिसू लागेल. काफिला निघतो न निघतो तोच दूर बसलेला, दुःखाने डोळे पांढरे झालेला बाप म्हणतो, मला यूसुफचा गंध येतो आहे. येथे सदरा काही सिद्ध करत नाही, तो फक्त त्या माणसाला घेऊन येतो.

एकच वस्तू प्रथम खोटे बोलते, मग पुरावा होते, मग दृष्टी देते. आणि या तीन प्रसंगांमधील अंतर मोजत गेले की संपूर्ण सूरेची बांधणी दिसू लागते. हे दाखवताना सरांनी घाई केली नाही. एक वचन, त्याचा उच्चार, दोन-तीन अनुवाद, आणि मग प्रश्न, अशा संथ गतीने चाललेल्या त्या चार तासांत मला प्रथमच जाणवले की आपांनी पाठ करून घेतलेला आवाज आणि अनुवादात वाचलेला अर्थ एकाच जागी आले आहेत. ३५व्या वचनाशी आम्ही बराच वेळ थांबलो. तेथे म्हटले आहे की ‘आयाती’ पाहिल्यानंतरही त्या लोकांना यूसुफना काही काळ कैदेत टाकावे असे वाटले. भाष्यकार या आयातींमध्ये मागून फाटलेल्या सदऱ्याचाही समावेश करतात. म्हणजे पुरावा समजला होता, निर्दोषत्व कळले होते, तरीही तुरुंग ठरला. खूण वाचता येणे आणि तिला मान देणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे ग्रंथ येथे किती शांतपणे सांगतो, यावर वर्गात झालेली चर्चा मी अजून विसरलेले नाही. शेवटी १००व्या वचनात आईवडील आणि ११ भाऊ समोर आल्यावर यूसुफ म्हणतात, हा माझ्या त्या जुन्या स्वप्नाचा तावील (उलगडा) आहे. एरवी आपण ज्याला अर्थनिर्णय म्हणतो, तो येथे प्रत्यक्ष घडलेला प्रसंग आहे.

पुढच्या आठवड्यात विरामचिन्हांचा विषय निघाला आणि तेथे सरांची मर्यादा दिसली. आपल्याकडे छापल्या जाणाऱ्या कुरआनच्या प्रतींत ओळीच्या वर बारीक अक्षरे असतात. मीम असेल तर थांबणे आवश्यक, लाम-अलिफ असेल तर थांबू नये, जीम असेल तर थांबले तरी चालते. हे आम्हा मुलांना मारून-मुटकून शिकवले गेले होते. सरांना या खुणांची पुस्तकी माहिती होती, पण तिलावत, म्हणजे कुरआनचे सस्वर पठण, येत नव्हती, आणि चिन्हांच्या वर्गात आवाजाची बाजू अशी रिकामी राहणे ही मोठी उणीव आहे. ती भरून काढली नळबाजारच्या एका मौलानांनी, जे आमच्यासारखेच शुल्क भरून आले होते. दुसऱ्या सूरेच्या दुसऱ्याच वचनात तीन ठिपक्यांची जोडी आहे. दोहोंपैकी एका ठिकाणी थांबायचे, दोन्ही ठिकाणी नाही. मौलानांनी ते वचन दोन्ही प्रकारे म्हणून दाखवले. एका प्रकारे ‘हा ग्रंथ, यात शंका नाही, मार्गदर्शन आहे भय बाळगणाऱ्यांसाठी’ असा अर्थ होतो, दुसऱ्या प्रकारे ‘हा ग्रंथ, शंका नाही, यात मार्गदर्शन आहे’ असा. ‘यात’ हा शब्द कोणत्या बाजूला झुकतो ते श्वासाने ठरते. तिसऱ्या सूरेच्या सातव्या वचनात तर याहून मोठा प्रश्न आहे. संदिग्ध वचनांचा तावील अल्लाहशिवाय कोणी जाणत नाही, असे म्हणून थांबायचे, की ‘अल्लाह आणि ज्ञानात मुरलेले लोक’ असे एका दमात म्हणायचे? दोन्ही वाचने परंपरेत आहेत, आणि अर्थ लावण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्नच त्या एका विरामावर टांगलेला आहे. ३५ वर्षे मी तेथे ठरल्याप्रमाणे थांबत आले होते, का थांबते हे जाणून न घेता.

मौलानांना आणि सरांना पुढच्या तुकडीत एकत्र शिकवायला बसवावे, ही माझी केंद्राला आग्रहाची विनंती आहे.

अल्जीरियन वंशाचे पॅरिसमधील विचारवंत मोहम्मद अर्कून यांच्या अल-फातिहाच्या, म्हणजे कुरआनच्या पहिल्या सूरेच्या, वाचनाला एक दिवस दिला गेला आणि तो चांगला झाला. सात वचनांच्या या सूरेत आधी अल्लाहचा उल्लेख ‘तो’ म्हणून होतो आणि पाचव्या वचनात अचानक ‘आम्ही तुझीच उपासना करतो’ असे थेट संबोधन येते. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आणि नमाजात हे शब्द उच्चारणारा प्रत्येक जण त्या ‘आम्ही’त कसा शिरतो, हे सर्वनामांच्या आधारे उलगडले गेले. इजिप्तचे नस्र हामिद अबू झैद यांच्या वाट्याला मात्र जेमतेम २० मिनिटे आली. ज्या अभ्यासकाला ग्रंथाच्या भाषिक व सांस्कृतिक वाचनामुळे १९९५ मध्ये न्यायालयाने धर्मभ्रष्ट ठरवून त्याचा विवाह रद्द केला आणि ज्याला देश सोडून नेदरलँड्समधील लायडेन येथे जावे लागले, त्याचे प्रत्यक्ष म्हणणे काय होते, हे नीट ऐकण्याचा हक्क श्रोत्यांना होता. विषय नाजूक आहे म्हणून तो घाईने उरकला गेला असावा. नाजूक आहे म्हणूनच त्याला वेळ द्यायला हवा होता, असे माझे मत आहे.

त्याहून जास्त खटकले ते अब्दुल काहिर अल-जुर्जानी यांचे नाव फक्त एकदा येणे. ११व्या शतकातील या व्याकरणकाराने शब्दाचे सौंदर्य त्या एकट्या शब्दात नसून त्याच्या रचनेत, म्हणजे नज्ममध्ये असते, असे सोस्यूरच्या ८०० हून अधिक वर्षे आधी मांडले. १९व्या सूरेत वृद्ध झकरिया अलैहिस्सलाम ‘डोके पांढऱ्या केसांनी पेटले आहे’ असे म्हणतात. ‘डोक्यातले पांढरे केस पेटले’ असे म्हटले असते तर सर्व डोके एकाच वेळी व्यापले गेल्याचा अनुभव नाहीसा झाला असता, हे जुर्जानींचे विश्लेषण कोणत्याही आधुनिक मांडणीच्या तोडीचे आहे. आकृत्यांचे दोन शनिवार यांना मिळायला हवे होते.

वाचनसाहित्याबद्दल कठोरच लिहावे लागेल. छायाप्रतींमध्ये अरबी मजकूर संगणकाच्या गफलतीने तुटला होता. जोडून यायची अक्षरे सुटी आणि काही ठिकाणी उलट्या क्रमाने छापली गेली होती. ज्यांना अरबी लिपी येत नाही त्यांना हे कळलेही नसेल, आणि त्यांच्यासाठीच मला जास्त वाईट वाटते. देवनागरी लिप्यंतरात दोन वेगळी ‘क’ अक्षरे एकाच ‘क’ने दाखवलेली होती. अरबीत जिभेच्या मुळाशी उच्चारलेला ‘क’ घेऊन ‘कल्ब’ म्हटले तर हृदय, आणि साधा ‘क’ घेऊन म्हटले तर कुत्रा. साध्या नुक्त्याने हा घोटाळा टळला असता. ज्या शहरात १९व्या शतकात शिळाप्रेसवर कुरआनच्या प्रती सुबकपणे छापल्या जात होत्या, तेथे आज छायाप्रत नीट निघू नये, हे मनाला लागते.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. इमारतीला लिफ्ट नाही, जिना अंधारा आहे, आणि वयस्कर श्रोत्यांना त्याचा त्रास झाला. पहिले दोन आठवडे असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजसाठी मध्यंतर नव्हते. आम्ही सांगितल्यावर १५ मिनिटांची सुट्टी आणि एक स्वच्छ खोली मिळाली, याबद्दल व्यवस्थापकांचे आभार. चर्चेत कोणालाही गप्प केले गेले नाही, आणि श्रद्धेने येणाऱ्याला व केवळ अभ्यासासाठी येणाऱ्याला सरांनी सारख्याच आदराने उत्तर दिले. मुंबईत ४,५०० रुपयांत २४ तासांचे असे शिक्षण मिळत असेल, तर शुल्काविषयी माझी तक्रार नाही.

शेवटच्या शनिवारी २९ सूरांच्या आरंभी येणाऱ्या सुट्या अक्षरांवर चर्चा झाली. अलिफ, लाम, मीम यांसारखी ही अक्षरे २८ अक्षरांच्या वर्णमालेतील बरोबर १४ आहेत, आणि त्यांच्या अर्थाविषयी भाष्यकारांनी अनेक मते नोंदवून शेवटी ‘अल्लाहच जाणे’ असे म्हटले आहे. सरांनी कोणतेही मत पुढे रेटले नाही. त्यांनी मौलानांना ती अक्षरे म्हणायला सांगितली. लाम आणि मीम सहा-सहा मात्रांपर्यंत लांबवत मौलानांनी ती म्हटली, आणि आम्ही सगळे ऐकत राहिलो.

नोंदणी करणाऱ्यांनी विरामचिन्हे स्पष्ट असलेली कुरआनची स्वतःची प्रत सोबत न्यावी; मोहम्मद अली रोडवरील पुस्तकांच्या दुकानांत ती सहज मिळते. छायाप्रतींवर विसंबू नये.